लाल खूण आणि आमचा चौक

आपल्या मंडळाकडे येणाऱ्या टिपणांत हल्ली एक चित्र हमखास असतं. उपग्रहाच्या नकाशाचा तुकडा, त्यावर लाल खूण आणि खाली ओळ: ‘आमचा जुना वाडा येथे होता.’ आपण मान डोलावतो आणि पुढे जातो. मीही असंच टिपण लिहून ठेवलं होतं. पाठवलं नाही हे बरंच झालं, कारण माझी खूण समोरच्यांच्या छपरावर होती.

आमचं घर बडोद्याला, दांडिया बाजारातल्या एका बोळात. सूरसागर वरून चटकन ओळखू येतो. मधली महादेवाची मूर्ती आमच्या लहानपणी नव्हती, तलाव तोच. तिथून बोळ मोजत आलो. बोळात शिरल्यावर उजव्या हाताचं चौथं घर, मधोमध काळा चौकोन. चौक सापडला! डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. ताईला चित्र पाठवलं. तिने एवढंच विचारलं, “आपल्या ओट्यावर सकाळचं ऊन यायचं ना रे? या घराच्या तर पश्चिमेला बोळ आहे.”

चूक साधी होती. आमचा बोळ उत्तरेकडून दक्षिणेला जातो. नकाशात उत्तर वर असते, म्हणजे बोळात शिरणारा माणूस पडद्यावर खाली चालतो आणि त्याचा उजवा हात पडद्याच्या डावीकडे येतो. मी पडद्याचं उजवं धरलं. आठवण बरोबर होती, वाचन चुकलं. आणि तो काळा चौकोन? ही चित्रं बहुधा सकाळी साडेदहाच्या सुमाराची असतात. खोल चौक असेल तर पूर्व आणि दक्षिण भिंतींच्या कडेला सावली दिसते, बाकी भाग उजळ. माझा चौकोन सगळीकडे सारखाच काळा होता. तो चौक नव्हताच, डांबर फासलेले पत्रे असावेत.

आमच्या खऱ्या जागी आता पाण्याच्या टाक्या असलेली इमारत आहे. गूगल अर्थमध्ये जुनी चित्रं मागे सरकवून पाहायची सोय २००९ पासून आहे. तिथे वाडा भेटला, चौकासकट. पण त्याने एक गाठ सोडवली आणि दुसरी घातली. आई गेली त्याच वर्षी वाडा पाडला, असं आम्ही भावंडं आजवर सांगत आलो. आई गेल्यानंतरच्या दोन चित्रांत वाडा उभा आहे. दोन दुःखं आम्ही मनात एका तारखेला बांधून टाकली होती. ताईला हे अजून पटलेलं नाही.

या दोन चित्रांमुळेच मला हे साधन मोलाचं वाटतं. ते घर ‘दाखवतं’ म्हणून नाही, तर पाडण्याची तारीख दोन चित्रांच्या मध्ये पकडून देतं म्हणून. पण ती तारीख चित्र टिपल्याची हवी. आपल्या काही टिपणांत नकाशाच्या तळाशी छापलेलं साल दिलेलं असतं. ते हक्काचं साल, चित्राचं नव्हे. अगदी मागे नेलं की जे धूसर चित्र येतं, तेही पुराव्याला निरुपयोगी. ३० मीटरच्या एका ठिपक्यात आमचे दोन वाडे बसतील. त्याहून जुनी आहेत ती १९६० ते १९७२ मधली अमेरिकेच्या हेर-उपग्रहांची छायाचित्रं, १९९५ साली खुली झालेली. त्यांतली उत्तम छायाचित्रंसुद्धा साधारण दोन मीटरची. तलाव आणि रस्ते मिळतील, ओटा नाही.

रस्त्यावरून दिसणारं चित्रण भारतात २०२२ मध्ये सुरू झालं तेव्हा पहिल्या दहा शहरांत बडोदे होतं. मोठ्या आशेने पाहिलं. गाडी हमरस्त्याने गेली. आमच्या बोळात सायकलसुद्धा जपून न्यावी लागे.

तेव्हा खूण लावणाऱ्यांना माझी विनंती: चित्राची तारीख लिहा, घराचं तोंड कुठल्या दिशेला ते लिहा, आणि जमलं तर सिटी सर्व्हे नंबर जोडा. त्याहीआधी घरातल्या मोठ्या माणसाला चित्र दाखवा. ताईने परवा कॅलेंडरच्या पाठीमागे वाड्याचा आराखडा काढून पाठवला. त्यात परसातली विहीर आहे, आणि रहाट कुठल्या बाजूला होता तेही. माझ्याकडच्या एकाही चित्रात ती विहीर नाही. आंब्याखाली होती.