रंगाचे हात : गायतोंडे यांची चित्रप्रक्रिया आणि आपण

गेल्या एप्रिलमध्ये माझ्याकडून एक चूक झाली. हा लेख त्या चुकीतून निघाला आहे, म्हणून आधी ती सांगतो.

आमच्या तालुक्याच्या गावी जयंती उत्सव समितीने वस्तीतल्या मुलांकडून चित्रे मागवली होती. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो, एवढ्या एकाच पात्रतेवर मला परीक्षक नेमले होते. बहुतेक चित्रे अपेक्षेप्रमाणे होती : निळा कोट, हातात ग्रंथ, उंचावलेले बोट. एका विद्यार्थ्याने मात्र अडीच फूट बाय तीन फुटांचा तैलरंगातला कॅनव्हास आणला. खाली दाट तपकिरी काळोख, मध्ये पाण्यासारखी एक उजळ पट्टी, आणि पट्टीच्या काठाशी वाकलेल्या माणसांसारखे भासणारे पाचसहा डाग. माणसे म्हणावीत तर चेहरे नाहीत, डाग म्हणावेत तर पाठी दिसतात. कलेच्या पुस्तकात ज्याला अर्धअमूर्त म्हणतात, तसे. मागे पेन्सिलीने नाव लिहिले होते – ‘चवदार’.

समितीतल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने विचारले, “यात बाबासाहेब कुठे आहेत?” सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, “असली चित्रे पोट भरलेल्यांसाठी असतात, बाळ. आपल्याला अजून ही चैन परवडत नाही.” वाक्य टाळीचे होते आणि टाळी पडलीही. मुलाने कॅनव्हास जुन्या चादरीत गुंडाळला. जाताना एवढेच म्हणाला, “सर, पंधरा हात दिलेत.”

त्याचे वडील रंगारी आहेत; घरांना रंग देतात. त्यांच्या भाषेत रंगाच्या एका थराला ‘हात’ म्हणतात. भिंतीला लांबी भरायची, घासायची, मग पहिला हात, तो वाळला की दुसरा. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो. पण पंधरा हात म्हणजे किती दिवस, याचा हिशेब त्या क्षणी मला करता आला नाही. नंतर त्याच्याकडूनच कळले. चित्र जानेवारीत सुरू केले होते.

त्याच्या मोबाइलमध्ये एका चित्रकाराची चाळीसेक चित्रे साठवलेली होती. तो चित्रकार म्हणजे वासुदेव गायतोंडे. हे नाव मला ऐकून माहीत होते, तेही लिलावाच्या बातमीमुळे. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईत झालेल्या ख्रिस्तीजच्या लिलावात त्यांचा १९७९ सालचा एक कॅनव्हास सुमारे २३ कोटी ७० लाख रुपयांना गेला. त्यानंतरचे आकडे याहून मोठे आहेत. चित्रकार २००१ सालीच वारला होता. असा आकडा वाचला की आपल्यासारख्यांचे मन आधीच बंद होते, आणि माझेही झाले होते. आता अपराधी भावनेपोटी का होईना, मी वाचू लागलो. ‘चिन्ह’च्या सतीश नाईक यांनी २०१६ साली त्यांच्यावर काढलेला मोठा ग्रंथ मिळवला. डिसेंबरात चैत्यभूमीवर गेलो, तेव्हा दुसऱ्या दिवशी मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन यांच्या संग्रहातले त्यांचे एक चित्र समोर उभे राहून पाहिले.

छापील चित्रात दिसत नाही ते तिथे दिसले. रंग सपाट नव्हता. वरच्या पातळ थराखालून दुसरा, त्याखालून तिसरा रंग झिरपत होता. काही ठिकाणी रंग ओरबाडून काढलेला होता, काही ठिकाणी कशाने तरी टिपून उचलल्यासारखा. ब्रशचा फटकारा कुठे सापडेना. रखवालदाराने दोनदा मागे सरकायला सांगितले, इतका मी जवळ गेलो होतो.

गायतोंडे यांचा जन्म नागपूरचा, १९२४ सालचा. पण वाढले ते गिरगावात, चाळीत. १९४८ साली जे. जे. स्कूलमधून पदविका घेतली. सुरुवातीला त्यांच्या चित्रांत माणसे होती, घरे होती. पॉल क्ली यांच्या प्रभावाने ती हळूहळू खुणांसारखी झाली, आणि साठच्या दशकात खुणाही रंगात विरत गेल्या. ‘अमूर्त’ हा शब्द त्यांना मान्य नव्हता. ते आपल्या चित्रांना ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणत. तरीही त्या चित्रांपुढे उभा राहणारा माणूस त्यात पाणी, क्षितिज, धुके, एखादी न वाचता येणारी लिपी पाहतोच. माझ्या विद्यार्थ्याने त्यात तळे पाहिले. चित्रकाराला ते आवडले असते असे नाही, पण पाहणाऱ्याचा हक्कही काही कमी नाही.

ब्रश बाजूला ठेवून त्यांनी रोलर आणि पॅलेट नाइफ हाती घेतले. कॅनव्हासवर पातळ रंग रोलरने फिरवायचा. वर्तमानपत्राचे किंवा मासिकाचे फाडलेले, कापलेले तुकडे त्यावर ठेवून रोलरने दाबायचे आणि उचलायचे. कुठे रंग कागदाबरोबर निघून येतो, कुठे कागदावरचा रंग कॅनव्हासला चिकटतो. जे नको ते पात्याने खरवडायचे. मग थांबायचे. वर्षाला पाचसहा कॅनव्हास, त्याहून अधिक नाही. बराच वेळ विचारात जातो, असे ते स्वतः सांगत.

हे थांबणे कशासाठी असते ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण सगळा घोटाळा तिथेच होतो. तैलरंग पाण्याच्या रंगासारखा वाळत नाही. त्यातले जवसाचे तेल उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू घेते आणि हळूहळू घट्ट होते. पातळ थरालाही काही दिवस लागतात. त्यातही प्रत्येक रंगाचा स्वभाव वेगळा. अंबरसारखे मातीचे तपकिरी रंग लवकर वाळतात, कारण त्यांत मँगनीज असते. हाडांच्या कोळशाचा काळा फार वेळ घेतो. खालच्या थरात टर्पेंटाइन जास्त, वरच्या थरात तेल जास्त, असा क्रम पाळावा लागतो. तो मोडला, किंवा खालचा हात ओला असताना घाईने वरचा दिला, तर वरची साय आधी आवळते आणि काही महिन्यांनी चित्राला भेगा पडतात. तेव्हा हे थांबणे निदान निम्मे तरी सामग्रीच्या कायद्याने आलेले आहे. रंगारी दुसरा हात देण्याआधी भिंतीला बोट लावून पाहतो. ते ज्ञान आणि हे ज्ञान एकाच घराण्यातले. रंगाऱ्याचा रोलर आणि गायतोंडे यांचा रोलर हे एकच हत्यार नसेल, पण हत्याराची जात एकच आहे.

आता गायतोंडे यांच्याविषयी लिहिले जाते ते काय? मौन, साधना, ध्यान, विरक्ती, ऋषितुल्य. दिल्लीच्या निजामुद्दीन भागातल्या बरसातीत एकटे राहणारा, लग्न न केलेला, कुणात न मिसळणारा माणूस. तेव्हा ही विशेषणे सहज चिकटली. निसर्गदत्त महाराजांकडे ते जात, रमण महर्षी वाचत, झेनकडे त्यांचा ओढा होता, हे सर्व खरे आहे. पण वर्णनात घडते काय, तर ध्यान तेवढे मोठ्या अक्षरात येते आणि रोलर, पाते, रद्दीचे तुकडे ‘तंत्र’ या मथळ्याखाली चार ओळींत संपतात. जणू चित्र मनात पूर्ण झाले आणि हातांनी फक्त निरोप पोचवला. (निसर्गदत्त महाराज स्वतः मुंबईत विडीचे दुकान चालवत होते. तेही असेच चार ओळींत उरकले जाते.)

या सांगण्याला १९८४ सालच्या अपघाताने परस्पर उत्तर दिले आहे. दिल्लीत रिक्षाच्या अपघातात गायतोंडे यांना गंभीर दुखापत झाली. त्यानंतर काही वर्षे मोठे कॅनव्हास थांबले. कागदावर शाईची लहान रेखाटने तेवढी होत राहिली. ध्यानाला कोणी अडवले नव्हते. अडले ते शरीर. पाच फूट उंच कॅनव्हासवर रोलर ओढायला खांदा लागतो, कंबर लागते, तासन्‌तास उभे राहणारे पाय लागतात. कागद आणि शाईला मनगट पुरते. त्या रेखाटनांकडे मी म्हणूनच आदराने पाहतो. एक श्रमिक आपल्या उरलेल्या शरीराच्या मापाचे काम शोधतो आहे, असे ती मला दिसतात.

डोक्याचे काम पवित्र आणि हाताचे काम हलके, ही वाटणी या देशात कोणी केली ते या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. बाबासाहेबांनी १९३६ साली श्रमाची विभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांतला जो फरक दाखवला, तो गावगाड्यापुरता नाही. तो प्रस्थापित कलासमीक्षेलाही लागू आहे. हातकाम करणाऱ्या कलावंताला मोठे करायचे तर आधी त्याचे हात झाकावे लागतात, त्याला ऋषी करावे लागते. मग त्याची किंमत कोटींत सांगता येते. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने २०१४-१५ साली त्यांचे जे मोठे प्रदर्शन भरवले त्याच्या नावातच ‘प्रक्रिया’ हा शब्द होता. आमच्याकडे मात्र अजून समाधीच चालू आहे.

पण दोष केवळ त्यांचा म्हणून मला सुटता येत नाही. एप्रिलमध्ये मी जे बोललो, त्याचा पाया हाच होता. मीही धरून चाललो होतो की असले चित्र म्हणजे बसून केलेले काम, रिकाम्या माणसाचे काम. समीक्षकाने त्या बसण्याला नमस्कार केला, मी त्यावर थुंकलो. चित्रातले श्रम दोघांनाही दिसले नाहीत. पंधरा हात म्हणजे पंधरा वेळा मळणे, पसरणे, टिपणे, खरवडणे. रंगाऱ्याच्या पोराने हे मला सांगितले आणि श्रमाच्या बाजूने बोलण्याचा दावा करणाऱ्या मला ते ऐकू आले नाही.

कार्यकर्त्यांचा प्रश्न मात्र मी उडवून लावणार नाही. “यात बाबासाहेब कुठे आहेत?” हा अडाणी प्रश्न नव्हे. ज्यांची प्रतिमा शतकानुशतके कोणी काढलीच नाही, त्यांना भिंतीवर आपला चेहरा हवा असतो. त्या निळ्या कोटाने जे काम केले आहे ते कोणत्याही दालनातल्या चित्राने केलेले नाही. पण एकच चित्र असावे, असा त्याचा अर्थ होत नाही. १९७२ साली ‘गोलपिठा’ आला तेव्हा तोही सुबोध नव्हता; प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांना कित्येक शब्दांचे अर्थ विचारून घ्यावे लागले. तेव्हा आपण दुर्बोधतेची तक्रार केली नाही. उलट, तुम्हांला समजत नाही हा आमचा दोष नाही, असे ठणकावले. कवीला दिलेली ही मोकळीक चित्रकाराला नाकारायची कशी? २० मार्च १९२७ रोजी महाडला तळ्याचे पाणी ओंजळीत घेणाऱ्यांना त्या क्षणी काय दिसले असेल? पुतळा तर नक्कीच नाही. पाणी दिसले असेल, पाण्यावरचा उजेड, शेजारच्याची वाकलेली पाठ. मुलाने नेमके तेवढे ठेवले होते.

म्हणून गायतोंडे यांना सरसकट आपले म्हणावे, असे मी सांगणार नाही. त्यांच्या मौनात आपले मौन नाही. त्यांनी स्वतःहून बोलणे सोडले; आपल्या मागच्या पिढ्यांना बोलू दिले गेले नाही. झेनचा उल्लेख वाचला की आपल्या लोकांना जवळीक वाटते, त्यात ते जन्मले तेही नागपुरात. योगायोगाला फार अर्थ चिकटवू नये. १९५६ साली त्या नागपुरात आपण जो धम्म घेतला तो माणसामाणसांतल्या व्यवहाराचा होता, एकट्याच्या खोलीचा नव्हता. गायतोंडे यांच्या चित्रात शेजारी नाही. हे त्यांचे वैगुण्य आहे असे माझे ठाम मत नाही, पण मला ते जाणवत राहते. ‘चवदार’मध्ये काठाशी पाचसहा पाठी होत्या. गायतोंडे यांची पद्धत घेऊन मुलाने तिच्यात शेजारी आणले. ही नक्कल म्हणता येणार नाही.

आणि वेळेचा प्रश्न उरतोच. वर्षाला पाचसहा चित्रे काढणारा माणूस गरिबीत दिवस काढू शकतो, विक्रीला नकार देऊ शकतो. पण त्या नकारालाही मागे एक खोली लागते, आणि आपल्या कमाईवर कोणी अवलंबून नसावे लागते. माझा विद्यार्थी सकाळी वडिलांबरोबर कामावर जातो, दुपारी वर्गात बसतो. घर एका खोलीचे. ओला कॅनव्हास उभा करायला जागा नाही. रात्री तो भिंतीला टेकवला की धाकटी भावंडे त्याच्या बाजूला पाय करत नाहीत, एवढीच त्याची सोय. चौथा हात धुळीने खराब झाला आणि पूर्ण खरवडावा लागला, कारण शेजारी बांधकाम चालू होते. टर्पेंटाइनच्या वासाने आईचे डोके दुखते म्हणून ते काम तो बाहेर ओट्यावर करतो. चित्रप्रक्रियेवरच्या लेखनात याला काय म्हणतात मला माहीत नाही. माझ्या मते ‘चवदार’ची प्रक्रिया लिहायची तर यापासूनच सुरू करावी लागेल.

मी त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. त्याने चहा दिला, चित्र उलगडून दाखवले नाही. सध्या नवा कॅनव्हास चालू आहे, सातवा हात झाला आहे. महाविद्यालयाच्या मागे तुटलेली बाके टाकलेली एक दहा बाय बाराची खोली आहे. ती त्याला वापरायला द्यावी असा अर्ज मी दोनदा केला. पहिल्या अर्जाला, चित्रकला हा आपल्याकडे विषय नाही, असे उत्तर आले. दुसऱ्याचे उत्तर अजून आलेले नाही.