परिस्थितिजन्य पुरावा आणि वाचकाचा निवाडा : ‘करमाझोव बंधू’मधील पितृहत्येच्या निमित्ताने

१

प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नसलेल्या खुनाच्या खटल्यात न्यायालयासमोर येतात ते सुटे तपशील : एक हत्यार, रक्ताचे डाग, कधीकाळी उच्चारलेली धमकी, अचानक खिशात आलेले पैसे. हे तपशील स्वतः काही सांगत नाहीत. त्यांना क्रम लावावा लागतो, त्यांच्यामधील रिकाम्या जागा कार्यकारणाने भराव्या लागतात आणि अखेरीस त्या सर्वांना एक कर्ता द्यावा लागतो. या अर्थाने परिस्थितिजन्य पुराव्याचे मूल्यमापन ही मुळातच एक कथनप्रक्रिया आहे. खून कुटुंबातला असेल तर ही प्रक्रिया अधिकच गुंतागुंतीची होते. एरवी ज्याला आपण पुरावा मानतो ते घरातला वावर, जुने वैर, वारसाहक्काचा प्रश्न हे सारे कुटुंबात सर्वांच्याच वाट्याला कमीअधिक प्रमाणात आलेले असते.

दोस्तोएव्हस्कीच्या ‘करमाझोव बंधू’ (१८७९-८०) या कादंबरीचे अखेरचे पर्व या प्रक्रियेची मराठी समीक्षेने पुरेशी न घेतलेली नोंद आहे. आपल्याकडे या कादंबरीची चर्चा बहुधा ईश्वर, पाप आणि स्वातंत्र्य या प्रश्नांभोवती होते. खटल्याचा भाग हा तिचा कथानकात्मक शेवट म्हणून बाजूला ठेवला जातो. प्रस्तुत लेखात तो मध्यवर्ती मानला आहे. एका चुकीच्या निवाड्याची ही कथा अर्थनिर्णयनाविषयी काय सांगते, हा येथील प्रश्न आहे.

२

या कादंबरीचे बीज एका प्रत्यक्ष खटल्यात आहे, ही गोष्ट अभ्यासकांना परिचित आहे. ओम्स्क येथील तुरुंगवासात (१८५०-५४) दोस्तोएव्हस्कीच्या सहवासात इल्यिन्स्की नावाचा एक माजी लष्करी अधिकारी होता. पित्याच्या खुनाबद्दल त्याला शिक्षा झाली होती. तो उधळ्या होता, कर्जबाजारी होता आणि पित्याच्या मालमत्तेवर त्याचा डोळा होता, असे मानले जात होते. ‘मृत घरातील आठवणी’च्या पहिल्या भागात या कैद्याचे नाव न घेता केलेले चित्रण येते. निवेदकाला प्रथम हा गुन्हा खरा वाटत नाही. परंतु त्याच्या गावच्या माणसांकडून सर्व तपशील ऐकल्यावर, वस्तुस्थिती इतकी स्पष्ट असताना अविश्वास ठेवणे अशक्य आहे, असा निर्वाळा तो देतो. पुढे याच पुस्तकाच्या दुसऱ्या भागात त्याला ही नोंद दुरुस्त करावी लागते : तो कैदी निर्दोष होता आणि सुमारे दहा वर्षे त्याने विनाकारण शिक्षा भोगली, असे कळल्याचे तो नमूद करतो.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, निवेदकाची पहिली, तपशिलांपूर्वीची प्रतिक्रिया योग्य होती आणि तपशिलांनी त्याला चुकीच्या निष्कर्षाकडे नेले. १८७४ च्या एका टाचणात दोस्तोएव्हस्कीने तोबोल्स्कमधील दोन भावांच्या नाटकाची कल्पना लिहून ठेवली आहे. तीत खून धाकटा करतो आणि शिक्षा थोरल्याला होते. म्हणजे पुराव्याच्या स्पष्टतेनेच फसगत कशी होते, हा प्रश्न त्याच्या मनात कादंबरीपूर्वी दोन दशके तरी घर करून होता.

३

मित्याविरुद्धचा पुरावा एकत्र पाहिला तर तो अभेद्य वाटतो. त्याने पित्याला पूर्वी मारहाण केली आहे, जाहीरपणे ठार मारण्याची भाषा केली आहे. खुनाच्या रात्री तो खलातला पितळी बत्ता उचलून पळत सुटतो. पित्याच्या बागेच्या कुंपणावर त्याच बत्त्याने तो ग्रिगोरी या वृद्ध नोकराला रक्तबंबाळ करतो. काही तासांपूर्वी पिस्तुले गहाण ठेवणारा हा माणूस आता हातात नोटांचा गठ्ठा घेऊन मोक्रोयेला उधळपट्टी करायला निघतो. पित्याच्या खोलीत तीन हजार रूबलचा लिफाफा फाडून फेकलेला सापडतो. शेवटी कातेरिना इवानोव्हना न्यायालयात सादर करते ते मित्याचेच दारूच्या नशेत लिहिलेले पत्र, ज्यात खुनाचा बेत आधीच मांडलेला आहे.

मात्र यांतील दोन दुवे बारकाईने पाहिले पाहिजेत. पहिला दुवा दाराचा. बागेकडचे दार उघडे होते, असे ग्रिगोरी शपथेवर सांगतो. मित्याला ते बंद दिसले होते. मित्या खिडकीपासूनच परतला असेल तर दार उघडे असण्याचे कारण नाही. म्हणून ही साक्ष निर्णायक ठरते. ग्रिगोरी प्रामाणिक आहे, त्याचा कोणताही स्वार्थ नाही, उलट तो या मुलाला लहानपणी सांभाळणारा माणूस आहे. तरीही त्याची साक्ष चुकीची आहे. त्याने जे पाहिले असे त्याला वाटते, ते त्याने पाहिलेले नाही. परिस्थितिजन्य पुरावा अनुमानावर उभा असल्याने कच्चा आणि प्रत्यक्ष पाहिलेले मात्र पक्के, ही आपली सर्वसाधारण समजूत येथे उलटी होते.

दुसरा दुवा लिफाफ्याचा. सरकारी वकील इप्पोलित किरिलोविच मोठ्या चातुर्याने असा तर्क करतो की, सराईत चोराने लिफाफा तसाच उचलून नेला असता. आत पैसे आहेत की नाहीत याची खात्री करून घेण्यासाठी तो तिथेच फाडणारा माणूस हा चोरीला नवखा आणि आवेशात असलेला मित्याच असणार. हा तर्क खटल्यातील सर्वांत सूक्ष्म तर्क म्हणावा लागेल. पण स्मेर्द्याकोव इवानसमोर कबुली देताना सांगतो की, हीच कल्पना आपण चौकशीच्या वेळी उघडपणे न मांडता केवळ सूचित करून वकिलाच्या डोक्यात उतरवली होती. ज्या अनुमानाचा वकिलाला अभिमान आहे त्याचा मूळ कर्ता खुनी स्वतः आहे. पुरावा वाचणाऱ्याला आपण अर्थ शोधला असे वाटते तेव्हाही तो अर्थ कोणी तरी पेरलेला असू शकतो. हा इशारा साहित्याच्या वाचकालाही लागू पडतो.

४

बचावाचा वकील फेत्युकोविच याची पद्धत याच्या विरुद्ध आहे. पुराव्यांची बेरीज भयंकर दिसते, मात्र एकेक पुरावा स्वतंत्रपणे तपासला तर एकही टिकत नाही, हे त्याचे सूत्र. मानसशास्त्राला दोन टोके असतात आणि त्याच तपशिलांतून उलटा निष्कर्षही तेवढ्याच सहजतेने काढता येतो, हे तो दाखवून देतो. ज्या वाचनपद्धतीत प्रत्येक संहिता स्वतःच्या अर्थाला सुरुंग लावते असे मानले जाते, तिचा परिचय असलेल्या वाचकाला फेत्युकोविच जवळचा वाटण्याची शक्यता आहे.

परंतु कादंबरी त्याच्याही बाजूने उभी राहत नाही. भाषणाच्या शेवटी तो अचानक दुसरीच भूमिका घेतो : मित्याने खून केला असे मानले तरी फ्योदोर पाव्लोविच हा पिता म्हणवून घेण्यास पात्रच नव्हता, म्हणून ही पितृहत्या ठरत नाही. म्हणजे सर्व पुरावे खिळखिळे केल्यावर त्याच्या हाती सत्य लागलेले नाही. आपला अशील निर्दोष आहे यावर त्याचा स्वतःचाच विश्वास नाही. अर्थनिर्णयने अनेक असू शकतात, इथवर ही भूमिका नेते आणि थांबते. प्रत्यक्षात त्या रात्री एकाच माणसाने एक कृती केली होती. त्या कृतीविषयीचे सत्य अनिर्णित नव्हते. ते केवळ न्यायालयाला अगम्य होते. अनिर्णितता आणि अगम्यता यांत गल्लत करणे ही सैद्धान्तिक चूक आहे, आणि ती केल्याने एका निरपराध माणसाला शिक्षा होते, हे ही कादंबरी विसरू देत नाही.

परिस्थितिजन्य पुराव्यासाठी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातून आलेल्या एका विवाहितेच्या मृत्यूच्या खटल्यात १९८४ साली पाच कसोट्या एकत्र मांडल्या आणि त्यांना ‘पंचशील’ म्हटले. प्रत्येक परिस्थिती पूर्णपणे सिद्ध झालेली असावी. सर्व वस्तुस्थिती केवळ आरोपीच्या अपराधाशीच सुसंगत असावी. ती निर्णायक स्वरूपाची असावी. दुसरी प्रत्येक संभाव्य उपपत्ती वगळली गेलेली असावी. आणि पुराव्याची साखळी अखंड असावी. मित्याच्या खटल्याला हा मापदंड ऐतिहासिक दृष्ट्या लावता येणार नाही, पण विश्लेषणासाठी तो उपयुक्त आहे. येथे पहिली कसोटी दाराशी अडखळते, तर चौथी स्मेर्द्याकोवपाशी.

चौथ्या कसोटीचे अपयश अधिक महत्त्वाचे आहे. स्मेर्द्याकोवची शक्यता न्यायालयात उच्चारली गेली होती. तरीही ती कोणाला खरी वाटली नाही. तो अपस्माराचा रोगी, स्वयंपाकी, भित्रा आणि दुर्बल म्हणून सरकारी वकिलाने त्याचे चित्र रंगवले. खटल्याच्या आदल्या रात्री त्याने आत्महत्या केली, तीही त्याच्या दुर्बलतेची खूण ठरली. खरे म्हणजे गावात सर्वत्र बोलले जात होते की तो फ्योदोर पाव्लोविचचाच अनौरस पुत्र आहे. कुटुंबातील खुनात संशयितांची यादी कुटुंब कोणाला म्हणायचे यावर ठरते. न्यायालय तीन पुत्र मोजते. शीर्षकातील ‘बंधू’ मोजताना वाचकही बहुधा तीनच मोजतो. चौथा स्वयंपाकघरात असतो, म्हणून त्याला राग, बुद्धी, योजना आणि तत्त्वज्ञान असू शकते ही कल्पनाच सुचत नाही. पुराव्याची साखळी तुटली ती तर्काच्या दोषामुळे कमी आणि सामाजिक कल्पनाशक्तीच्या तोकडेपणामुळे अधिक.

५

आता वाचकाच्या स्थानाकडे वळू. खिडकीशी उभ्या मित्याने बत्ता बाहेर काढल्याच्या क्षणी निवेदक ओळ तोडतो आणि टिंबे देतो. त्या क्षणापुरता वाचक ज्यूरीच्या बाकावर बसतो. पुढे स्मेर्द्याकोवची कबुली ऐकल्यावरच तो तेथून उठतो. म्हणून खटला वाचताना आपल्याला ज्यूरीवर हसावेसे वाटते. पण आपले ज्ञान कशावर आधारलेले आहे, हे पाहिले पाहिजे. ती कबुली एकट्या इवानने ऐकलेली आहे, आणि इवान त्या वेळी मेंदूच्या ज्वराच्या उंबरठ्यावर असून काही वेळातच त्याला सैतान दिसणार आहे. न्यायालयात तो तीन हजार रूबल समोर ठेवतो, पण कोणत्याही नोटेवर ती कोठून आली हे लिहिलेले नसते. आपण विश्वास ठेवतो तो कादंबरीच्या निवेदनसंकेतावर. ती सोय ज्यूरीला नव्हती. त्यामुळे येथे वाचकाचे श्रेष्ठत्व हे त्याच्या विवेकाचे श्रेष्ठत्व नाही.

बाख्तिनने दोस्तोएव्हस्कीवरील ग्रंथात (१९२९, सुधारित आवृत्ती १९६३) या खटल्याविषयी मांडलेला मुद्दा येथे उपयोगी पडतो. माणसाविषयीचे जे सत्य त्याला संबोधून बोलले जात नाही, त्याच्या पाठीमागे ठरवले जाते, ते त्याला हीन करणारे असत्य बनते, असा त्याचा आशय आहे. अल्योशा भावाच्या चेहऱ्यावरून त्याला निर्दोष मानतो. पुरावा म्हणून ही साक्ष शून्य किमतीची आहे. तरीही संपूर्ण खटल्यात मित्याशी बोलून निष्कर्षाला आलेला तो जवळजवळ एकटाच आहे. न्यायालयाने अल्योशाप्रमाणे निकाल द्यावा, असे कोणी म्हणणार नाही. मात्र पुराव्याच्या वाचनाला संवादाची जोड नसेल तर त्यात काय गहाळ होते, हे त्याच्यामुळे कळते.

६

या प्रश्नाचे सर्वांत बोधप्रद उत्तरायण फ्रॉइडच्या दोन लेखनांत आढळते. ‘दोस्तोएव्हस्की आणि पितृहत्या’ (१९२८) या निबंधात तो म्हणतो की, कृत्य कोणी केले याने मानसशास्त्राला फरक पडत नाही. ते कोणी मनोमन इच्छिले हे महत्त्वाचे. त्याच निबंधात तो लेखकाच्या चरित्रालाही हाच न्याय लावतो. दोस्तोएव्हस्कीचे वडील १८३९ मध्ये वारले. भूदासांनी त्यांना मारल्याची वदंता कुटुंबात होती. फ्रॉइड ती वस्तुस्थिती मानून पुत्राचा अपस्मार, अपराधभाव आणि जुगाराची ओढ यांची साखळी जोडतो. तथापि वैद्यकीय तपासणीत मृत्यूचे कारण मस्तिष्काघात असे नोंदले गेले होते. जोसेफ फ्रँकने आपल्या चरित्राच्या पहिल्या खंडात (१९७६) फ्रॉइडच्या कालक्रमाचे आणि आधारांचे दुबळेपण दाखवून दिले. म्हणजे पितृहत्येवरच्या त्या प्रसिद्ध निबंधात साखळीचा पहिलाच दुवा असिद्ध होता.

आता १९३१ चे टिपण पाहावे. १९२८ मध्ये टायरोलच्या पर्वतात फिलिप हाल्समान नावाचा तरुण पित्यासोबत फिरायला गेला असता पित्याचा मृत्यू झाला. प्रत्यक्षदर्शी कोणी नव्हते, वातावरण ज्यूद्वेषाने भारलेले होते, आणि मुलाला इन्सब्रुकच्या न्यायालयात प्रथम दहा व फेरसुनावणीत चार वर्षांची शिक्षा झाली. १९३० मध्ये त्याची सुटका झाली. पुढे छायाचित्रकार म्हणून तो जगप्रसिद्ध झाला. या खटल्यातील तज्ज्ञांच्या अभिप्रायात ईडिपस गंडाचा आधार घेण्यात आला होता. त्यावर फ्रॉइडने स्पष्टपणे लिहिले की, हा गंड सर्वांमध्ये असतो म्हणूनच त्यावरून अपराध ठरवता येत नाही. आधी कृत्य सिद्ध व्हावे, मग हेतूच्या स्पष्टीकरणासाठी त्याचा विचार करावा.

तीन वर्षांच्या अंतराने आलेल्या या दोन विधानांत केवळ विसंगती पाहणे पुरेसे नाही. पहिले विधान ग्रंथातील पात्रांविषयी आहे, दुसरे तुरुंगात गेलेल्या माणसाविषयी. परंतु पहिल्या निबंधात दोस्तोएव्हस्की हा पात्र नव्हता, माणूस होता. आणि १९३१ ची कसोटी त्याला लावलेली नव्हती. आपली चरित्रात्मक समीक्षा नेमक्या याच ठिकाणी सैल पडते. लेखकाचे एखादे पत्र, एखादा विरह, एखादा कौटुंबिक कलह घेऊन आपण त्याच्या कलाकृतीमागचा ‘हेतू’ सिद्ध करतो, आणि ज्याचा पुरावा सर्वांच्याच आयुष्यात सापडेल त्याला विशिष्टाचे स्पष्टीकरण मानतो.

म्हणून ‘करमाझोव बंधू’च्या खटल्यातून समीक्षकाने घ्यायच्या गोष्टी तीन आहेत. ज्या दुव्यावर अर्थ उभा आहे तो दुवा आधी सिद्ध झाला आहे काय, हे तपासावे. आपल्याला सुचलेला सर्वांत चतुर अर्थ कोणी सुचवला, हे विचारावे. आणि संहितेतील स्वयंपाकघरात कोण उभे आहे, ज्याला आपण मोजलेच नाही, त्याच्याकडे पाहावे. यांपैकी तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे, कारण तिच्यासाठी केवळ सिद्धान्ताची तयारी पुरत नाही. मित्याला दोषी ठरवणाऱ्या बारा जणांत अधिकारी होते, व्यापारी होते, शेतकरी आणि गावकरीही होते. त्यांतील एकाचीही नजर तिकडे गेली नाही.