स्मरणिकांतली भिवंडी

आपल्याकडे कवितेला टीकाकार आहेत, नाटकाला आहेत, अलीकडे पाकक्रियेच्या पुस्तकांनाही मिळू लागले आहेत. स्मरणिकेला मात्र कोणी वाली नाही. शाळेचा सुवर्णमहोत्सव, वाचनालयाची शताब्दी, गणेशोत्सवाचे पंचाहत्तरावे वर्ष असे काही निमित्त निघते, चार उत्साही मंडळी जमतात, सराफाची आणि मिठाईवाल्याची जाहिरात मिळते, आणि 'आमचे गाव : काल आणि आज' या धर्तीचे दोन-तीन लेख पोटात घेऊन स्मरणिका बाहेर पडते. समारंभाच्या दिवशी ती वारा घ्यायला उपयोगी पडते. पुढे माळ्यावर जाते, आणि दिवाळीच्या साफसफाईत पुन्हा हाती लागते. मग केरसुणी बाजूला ठेवून घरातले कोणीतरी तिथेच उकिडवे बसून ती वाचू लागते, आणि स्वयंपाकघरातून तीनदा हाका आल्या तरी उठत नाही. ज्या लेखनाला असा वाचक लाभतो त्याला वाङ्मय न म्हणण्याचा करंटेपणा मी तरी करणार नाही.

पण वाङ्मय म्हटले की तपासणी आली. ती मोठ्या शहराच्या आठवणींवर करण्यात फारशी मौज नाही. मुंबई-पुण्यावर लिहिणारे पुष्कळ झाले. भिवंडीचे तसे नाही. हे नाव काढताच बाहेरच्या माणसाच्या मनात दोनच गोष्टी येतात : यंत्रमाग आणि दंगल. त्यामुळे भिवंडीकर आठवणी लिहायला बसतो तेव्हा त्याच्या लेखणीला नकळत वकिली चढते. 'आमचे गाव असे नव्हते हो,' हे त्याला सांगायचे असते. मग कामवारी नदी येते, वऱ्हाळदेवीचा तलाव येतो, ब्राह्मण आळी, कासार आळी, मंडई, तीनबत्ती अशी सारी फेरी होते. कल्याण-भिवंडी शिवरायांनी 1657 च्या ऑक्टोबरात, ऐन दिवाळीच्या तोंडावर घेतली, हे अभिमानाने सांगितले जाते आणि ते सांगायलाही हवे. वसईच्या मोहिमेत नाव मिळवणारे गंगाजी नाईक याच तालुक्यातल्या अंजूरचे, हेही येते. आज 'अंजूरफाटा' म्हणताना ज्याला फक्त मालमोटारींची रांग आठवते, त्याला हे वाक्य वाचून क्षणभर थांबावेसे वाटले तर लेखकाचे काम झाले.

इथवर तक्रार नाही. तक्रार सुरू होते ती 'तेव्हा' आणि 'आता' या दोन शब्दांपाशी. या लेखनात 'तेव्हा' हा नेहमी सज्जन असतो आणि 'आता' हा खलनायक. तेव्हा पाणी गोड, माणसे साधी, भाजी ताजी. आता सगळे उलट. पण गोड म्हणजे कोणत्या विहिरीचे? साधी माणसे महिन्याला काय मिळवत? पाणी भरायला कोण जाई, आणि कोणाला त्या विहिरीवर जाऊ देत नसत? विशेषणे पायलीने आहेत, नामे मात्र चिमटीभर. ज्याला एका वस्तूचा भाव आठवतो तो लेखक मला दहा हळव्या लेखकांपेक्षा मोलाचा वाटतो.

याबाबतीत आपल्या भाषेचा आरंभ किती चांगला झाला होता! गोविंद नारायण माडगांवकरांनी 'मुंबईचे वर्णन' 1863 साली प्रसिद्ध केले. आगगाडी येऊन दहा वर्षे झाली होती आणि अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाच्या पैशाने शहर फुगत होते. माडगांवकरांना जुने सांगण्याची हौस होती, पण नव्याचा राग नव्हता. देवळे, मशिदी, अग्याऱ्या, बाजार, शाळा, निरनिराळ्या जातींची राहणी, सारे त्यांनी सारख्याच कुतूहलाने पाहिले. न. र. फाटकांनी 1961 मध्ये त्या ग्रंथाची आवृत्ती संपादून दिली; ज्यांच्या घरी ती असेल त्यांनी स्मरणिकेशेजारी ठेवून वाचावी. फरक भाषेचा नाही, विद्वत्तेचाही नाही. माडगांवकरांना परक्या आळीत शिरून चौकशी करायचा संकोच वाटत नव्हता, इतकेच.

स्मरणिकाकाराला तो वाटतो. त्याच्या लेखातला 'आम्ही' मोजायला बसलो तर दोन-तीन आळ्यांत संपतो. भिवंडीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले कोकणी मुसलमान घरात जी बोली बोलतात ती ऐकली तर आपल्या आजीची आठवण व्हावी. पण आठवणींच्या लेखात ते ईदेच्या शिरखुर्म्यापुरते येतात. वाटी आली, वाटी परत गेली, प्रकरण संपले. मागावाले तर तेवढेही येत नाहीत. ते 'लोंढे' या एका शब्दात मावतात.

या लोंढ्यांचा आरंभ कधीचा, हे पाहण्याजोगे आहे. 1857 च्या उठावानंतर उत्तरेकडचे विणकर आग्रा रस्त्याने खाली उतरू लागले आणि मालेगाव, धुळे, भिवंडी अशा ठिकाणी त्यांनी माग मांडले. नेमक्या त्याच काळात कोकणातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले होते आणि त्याच धुमाळीत सापडले. भटजींनी पुढे आपला प्रवास लिहिला, चिंतामणराव वैद्यांनी तो 1907 मध्ये छापला, आणि 'माझा प्रवास' आज आपल्या वाङ्मयाचे भूषण आहे. एक माणूस वर गेला, त्याची कहाणी आपण पाठ केली. शेकडो माणसे खाली आली, दीडशे वर्षे आपल्या शेजारी राहिली, त्यांची कहाणी आपण विचारलीसुद्धा नाही. धोटा हातातून सुटून यंत्राकडे कसा गेला, रात्रपाळीच्या खडखडाटात तान्ही मुले कशी झोपत, वीज गेली की एकदम पडणारी शांतता कशी घाबरवून सोडते, हे सांगू शकणारी माणसे अजून आहेत. पद्मानगरात ती तेलुगूत सांगतील, आणखी कुठे भोजपुरीत. 2011 च्या शिरगणतीत सात लाखांवर गेलेल्या शहराची आठवण दोन आळ्यांच्या मापात मावेल कशी?

एक गोष्ट तर मला चमत्कारिकच वाटते. 1949 च्या मे महिन्यात प्रगतिशील लेखकांची अखिल भारतीय परिषद भिवंडीत भरली. तिथे मंजूर झालेल्या जहाल जाहीरनाम्यावरून उर्दूतले लेखक पुढे वर्षानुवर्षे भांडले. त्यांच्या वाङ्मयेतिहासात 'भीमडी परिषद' हा एक टप्पाच होऊन बसला. साहित्य संमेलनाचा मांडव एखाद्या गावी एकदा पडला तर ते गाव पन्नास वर्षे त्याची छायाचित्रे दाखवते. मराठी स्मरणलेखन वाचून मात्र हे लेखक गावात येऊन गेले याचा पत्ताही लागू नये! दोन भाषांच्या लोकांनी एकाच गावाची दोन निरनिराळी गावे करून ठेवली आहेत, आणि दोघांनाही दुसऱ्याची वाट ठाऊक नाही.

आता ज्याविषयी कोणी बोलत नाही त्याविषयी. हे लेख बहुधा 1970 च्या अलीकडे येत नाहीत. आले तर 'त्यानंतर मात्र गाव बदलले' असे म्हणून थेट वाहतुकीच्या कोंडीवर उडी मारतात. त्या वर्षी मे महिन्यात शिवजयंतीच्या मिरवणुकीनंतर दंगल पेटली; 1984 मध्ये पुन्हा. सणाच्या अंकात हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण सणाच्याच मिरवणुकीत ते घडले. भिवंडी, जळगाव आणि महाड येथील 1970 च्या दंगलींची चौकशी न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने केली. मिरवणूक कोणत्या वाटेने गेली, कुठे थांबली, आधी कोण कोणाशी काय बोलले, हे बारकाईने पाहणे त्या आयोगाला भाग होते. म्हणजे गावाच्या गल्ल्यांकडे सर्वांत लक्ष देऊन पाहिले कोणी, तर दंगलीच्या चौकशीने! प्रेमाने लिहिणाऱ्यांनी जे टाळले ते साक्षीदारांना शपथेवर सांगावे लागले.

या मौनाला एक अपवाद आहे, आणि तो स्मरणिकेतला नाही. 1984 नंतरच्या वर्षांत भिवंडीत पोलीस उपायुक्त असलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसे ठरावीक दिवशी एकत्र बसत आणि नळ, गटार, भाडेकरू, पोरांची भांडणे यांवर बोलत. 1992-93 मध्ये मुंबई पेटली तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली. खोपड्यांनी 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?' हे पुस्तक त्यावरच लिहिले. लेखक खात्यातला आहे आणि आपल्या कामाविषयी लिहितो आहे, हे ध्यानात ठेवूनच ते वाचायचे. डोळ्यांत पाणी आणण्याचा हेतू त्यात नाही. पण भिवंडीला अभिमान वाटावा अशी जी अगदी अलीकडची गोष्ट, ती गावाने आपल्या आठवणींत अजून घेतलेली नाही. त्या समित्यांत बसलेली पुष्कळ माणसे आता सत्तरीपुढे असतील. फराळाचे ताट घेऊन त्यांच्यापैकी कोणाकडे जाणे व्हायचे असेल तर यंदा थोडे जास्त बसावे, आणि पहिल्या बैठकीत कोण कोणाच्या शेजारी बसले होते, एवढे तरी विचारून घ्यावे.