कान नसलेला साथीदार

अंधेरी-बोरिवलीकडे काय किंवा घाटकोपर-मुलुंडकडे काय, गाण्याची हौस कधीच कमी नव्हती. कमी पडत ते वाजविणारे. कचेरीतून निवृत्त झालेल्या गृहस्थाला सोसायटीच्या गच्चीवर दोन गाणी म्हणायची, तर तबलजी, पेटीवाला, त्यांच्या तालमी आणि बिदागी हे सारे जमवायचे कोणी? ही अडचण ‘ट्रॅक’ने सोडविली. जपानात कोबे शहरी दाइसुके इनोउए यांनी १९७१ साली कराओकेचे यंत्र केले. आज तेवढी सोय खिशातल्या मोबाइलमध्ये मावते. पट्टी उंच वाटली तर एक कळ दाबली की खाली येते. एवढ्या उपकाराला नाक मुरडणे कृतघ्नपणाचे होईल.

चित्रपटगीताच्या बाबतीत तर मी ट्रॅकचीच बाजू घेईन. त्या गाण्यांतले सुरुवातीचे व्हायोलिनचे तुकडे आणि दोन कडव्यांमधली बासरी श्रोत्यांना शब्दांइतकीच पाठ असतात. एकट्या पेटीवर ती काढू गेल्यास गाणे केविलवाणे होते.

पण भावगीत आणि नाट्यगीत यांचा संसार निराळा. गंधर्व नाटक मंडळीत सारंगीला कादरबक्ष आणि तबल्याला अहमदजान थिरकवा होते, ते केवळ ठेका भरायला नव्हे. ‘वन्स मोअर’ आला की बालगंधर्व तेच पद नव्या वळणाने घेत, आणि ते वळण ओळखणारे कान बाजूला बसलेले असत. ट्रॅक वन्स मोअर देईल, पण तो पहिल्याचीच छापील प्रत असेल. सुधीर फडके रंगमंचावर गीतरामायण गात तेव्हा पेटी त्यांच्याच पुढ्यात असे. एखाद्या शब्दापाशी रेंगाळावेसे वाटले तर परवानगी कोणाची काढायची? ट्रॅक मात्र आगगाडीसारखा सुटतो. तुम्ही फलाटावर राहिलात तरी त्याला पत्ता नसतो.

कोणी म्हणेल, मग बेंगळूरच्या जी. राजनारायण यांनी १९७९ साली केलेला इलेक्ट्रॉनिक तंबोरा तुम्हाला कसा चालतो? चालतो, कारण गायकाच्या मागे धावणे हे तंबोऱ्याचे कामच नव्हे. लेहऱ्याचेही तेच. त्याने आवर्तन जागच्या जागी धरून ठेवायचे असते. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात तास-दोन तास कायदे घोटणाऱ्या मुलाला यंत्राचा लेहरा म्हणजे वरदानच. जिथे साथीने स्थिर राहायचे तिथे यंत्र पुरते. जिथे साथीने ऐकायचे तिथे ते अपुरे पडते. म्हणून तिकीट लावून ट्रॅकवर गाणाऱ्यांनी जाहिरातीत तसे स्पष्ट छापावे, एवढी अपेक्षा गैर नाही.

मला खरी काळजी वाटते ती गायकांची नव्हे, त्या तबल्यावरच्या मुलाची. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा दिलेली मुले उपनगरांत घरोघर सापडतात. त्यांना त्रिताल-झपताल मुखोद्गत असतात. पण अर्धा अंतरा गाळून एकदम ध्रुवपदावर उतरलेल्या शेजारच्या काकूंना अलगद समेवर कसे आणावे, हे कोणत्याही परीक्षेत विचारीत नाहीत. ही विद्या चुकणाऱ्या गायकांकडूनच मिळते, आणि ती मिळण्याची जागा म्हणजे गणपतीतला, कोजागिरीचा, दिवाळी पहाटेचा सोसायटीतला कार्यक्रम. तिथे तबल्याच्या जागी आता ध्वनिवर्धकाचा खोका मांडलेला असतो, आणि तो मुलगा खाली खुर्च्या लावीत असतो.