ॲम्प्लिफायरविना बारा तारा

१९६४ साली जॉर्ज हॅरिसनच्या रिकनबॅकरनं बारा तारांची झळाळी जगाला ऐकवली, ती विजेवर. आमच्या वडशाकडे झाडीपट्टीची नाटकं रात्रभर रंगतात. मंचापुढच्या वादकांचे सूर शेवटच्या माणसापर्यंत पोचतात, तेही विजेवरच. त्याला नावं ठेवणं कोतेपणाचं होईल. तरी पहाटे घरी येऊन मी माझी अर्धपोकळ गिटार ॲम्प्लिफायर न जोडता वाजवतो. आवाज जेमतेम खोलीपुरता. खर्जाकडच्या चार जोड्यांत बारीक तार एक सप्तक वर बोलते, उरलेल्या दोन जोड्या एकाच स्वरात. त्यातला किंचित बेसूरही लपत नाही. आजवर मी वादकांना भोंग्यातल्या ठसक्यावर जोखलं. दाद चुकली नव्हती. ऐकणं अपुरं होतं.