स्मोक्तुनोव्स्कीचा मिश्किन

इनोकेंती स्मोक्तुनोव्स्की (१९२५–१९९४) या रशियन नटाची जागतिक कीर्ती मुख्यतः एका चित्रपटावर उभी आहे. ग्रिगोरी कोझिन्त्सेव्हचा ‘हॅम्लेट’ १९६४ साली प्रदर्शित झाला व पुढील वर्षी त्यातील भूमिकेबद्दल स्मोक्तुनोव्स्कीला लेनिन पारितोषिक मिळाले. परंतु त्याचे नटत्व प्रथम सिद्ध केले ते दस्तयेव्स्कीच्या ‘इडियट’वरून रचलेल्या नाट्यप्रयोगातील प्रिन्स मिश्किनच्या भूमिकेने. हा प्रयोग समग्र चित्रबद्ध झाला नाही. छायाचित्रे, काही त्रुटित अवशेष व प्रेक्षकांची वर्णने एवढ्याच आधारावर त्याची चर्चा होत आली आहे. या भूमिकेचा अधिक विश्वसनीय मागोवा घेता येईल काय, हा येथील प्रश्न आहे.

सायबेरियातील एका खेड्यात जन्मलेला हा नट दुसऱ्या महायुद्धात सैनिक म्हणून लढला. डिसेंबर १९४३ मध्ये कीव्हनजीक तो जर्मनांच्या हाती सापडला. सुमारे महिन्याभराने निसटला, एका युक्रेनी कुटुंबाने त्याला आसरा दिला, व पुढे तो सैन्याबरोबर बर्लिनपर्यंत गेला. युद्धकैदी राहिलेल्यांकडे संशयाने पाहिले जाण्याचा तो काळ होता. उत्तर ध्रुववृत्तापलीकडील नोरिल्स्क येथील नाट्यगृहात त्याने काही वर्षे काढली. या हालअपेष्टांत मिश्किनचे ‘कारण’ शोधण्याचा मोह चरित्रकारांना होतो. तो आवरलेला बरा. ‘सैनिक’ (१९५६) या चित्रपटातील लेफ्टनंट फार्बरच्या भूमिकेमुळे त्याच्याकडे दिग्दर्शक तोव्स्तोनोगोव्हचे लक्ष गेले, व ३१ डिसेंबर १९५७ रोजी लेनिनग्राडच्या बोल्शॉय नाट्यगृहात ‘इडियट’चा पहिला प्रयोग झाला.

वर्णनांतून एक गोष्ट स्पष्ट होते: या मिश्किनचे सामर्थ्य बोलण्यापेक्षा ऐकण्यात होते. समोरच्याचे बोलणे तो जणू अंगावर झेलीत असे. यावरून स्मोक्तुनोव्स्कीचा हॅम्लेट म्हणजे एल्सिनोरमध्ये आलेला मिश्किनच, असे म्हटले जाते. हे मत अर्धेच ग्राह्य आहे. मिश्किनपाशी लपविण्यासारखे काही नाही. हॅम्लेटवर सतत पाळत आहे व त्याला ती ठाऊक आहे. प्रसिद्ध स्वगत चालू असता त्याचे ओठ हलत नाहीत. समुद्रकाठच्या खडकांतून तो चालतो आणि विचार तेवढे ऐकू येतात. बासरीच्या प्रसंगी मात्र तो शब्दांनी वार करतो. त्याचे मौन हे चिलखत आहे. मिश्किनचे मौन म्हणजे उघडे दार होते. तेव्हा लुप्त भूमिकेच्या शोधात ‘हॅम्लेट’ हा फसवा वाटाड्या ठरतो.

खरा वाटाड्या अनपेक्षित ठिकाणी सापडतो. एल्दार र्‍याझानोव्हच्या ‘मोटारीपासून सावध’ (१९६६) या विनोदी चित्रपटात स्मोक्तुनोव्स्कीने विमा एजंट देतोच्किन रंगविला आहे. हा लाचखाऊंच्या मोटारी चोरून विकतो व आलेला पैसा बालकाश्रमांना पाठवितो. विनोदी म्हणून अभ्यासक या भूमिकेकडे वळत नाहीत, हे नुकसानीचे आहे. देतोच्किन आपल्या गुन्ह्याला गुन्हा मानीत नाही आणि तरीही अपराध्यासारखा वावरतो. त्याचा पाठलाग करणारा तपास अधिकारीच अखेर त्याच्या बाजूला झुकतो. मिश्किनच्या सहवासात रोगोझिनसारख्यांचे जे होते, त्याचेच हे हलके रूप होय. शिवाय देतोच्किन हौशी मंडळात हॅम्लेटच करतो. तेथे ते चिलखत ते न पेलणाऱ्या माणसाच्या अंगावर चढलेले दिसते, आणि दोन वृत्तींमधील अंतर एकाच चित्रपटात मोजता येते.

अर्थात हा पुरावा पूर्ण नव्हे. सुखात्मिका देतोच्किनला सांभाळून घेते. मिश्किनला कादंबरी सांभाळीत नाही. तो अंधार १९७३ साली माली नाट्यगृहात त्याने केलेल्या ‘त्सार फ्योदोर इओआनोविच’मध्ये असावा, कारण त्या नाटकातही राजाच्या सद्हेतूंतूनच अनर्थ ओढवतो, पण ती भूमिकाही रंगभूमीवरचीच असल्याने पुराव्याची अडचण तीच. उलट ‘अपराध आणि शिक्षा’ (१९७०) या चित्रपटातील त्याचा पोर्फिरी आजही तपासता येतो. तोच मऊ, किंचित हेल काढणारा स्वर येथे आहे, तेच एकाग्र ऐकणे आहे. मात्र त्याच साधनांनी हा तपास न्यायाधीश रास्कोल्निकोव्हला पायरीपायरीने कोंडीत आणतो.