कागदावरचा बाप आणि बिटाची साखर

शार्ल द मोर्नी हा तिसऱ्या नेपोलियनचा सावत्र भाऊ. ऑर्तांस द बोआर्ने ही दोघांची आई. मोर्नीचा बाप काउंट द फ्लाओ. हे नाते उघड करण्याजोगे नव्हते. म्हणून १८११च्या पॅरिसमधील जन्मनोंदीत बाप म्हणून 'दमोर्नी' नावाचा सां-दोमिंगचा एक जमीनदार दाखवला गेला. पुढे मुलाने 'द' अलग केला आणि आडनावाला खानदानी रूप आले. 'काउंट' ही पदवीही त्याने आपणच लावून घेतली. खरीखुरी ड्यूकची पदवी मिळाली ती १८६२मध्ये.

मोर्नीवर लिहिणारे या नोंदीचा उल्लेख बहुधा गंमत म्हणून करतात. मला तिच्यातला 'सां-दोमिंग' हा शब्द महत्त्वाचा वाटतो. सां-दोमिंग म्हणजे आजचे हैती. गुलामांच्या कष्टांवर उसाची साखर पिकवणारी फ्रान्सची सर्वांत श्रीमंत वसाहत. १८०४मध्ये ती स्वतंत्र झाली. त्यात इंग्रजांची समुद्रावरची नाकेबंदी. साखरेची चणचण भागवण्यासाठी पहिल्या नेपोलियनने मार्च १८११मध्ये ३२,००० हेक्टरांवर बीट लावण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी जन्मलेल्या या मुलाचा कागदावरचा बाप बुडालेल्या उसाच्या मुलखातला होता. आणि मुलाने पैसा उभा केला तो बिटातून.

अल्जीरियातील लष्करी नोकरी सोडल्यावर मोर्नीने क्लेर्माँ-फेराँजवळ बीट-साखरेचा कारखाना चालवायला घेतला. बेल्जियमच्या राजदूताची पत्नी फानी ल ऑं हिचे भांडवल त्याच्या पाठीशी होते. १८३८मध्ये त्याने साखरेच्या प्रश्नावर पुस्तिका लिहिली. त्या काळी देशी बीट आणि वसाहतींचा ऊस यांच्यातला झगडा करआकारणीवरून चालला होता. कराचा दर बदलला की कारखाने तरत किंवा बुडत. असा दर संसदेत ठरतो. १८४२मध्ये मोर्नी त्याच भागातून संसदेत निवडून गेला. तेव्हा उद्योग आणि राजकारण ही त्याच्या आयुष्याची दोन प्रकरणे नव्हेत; एकाच वहीची डावी-उजवी पाने आहेत.

पुढचा हिशेबही याच वहीत बसतो. २ डिसेंबर १८५१च्या सत्तापालटात तो गृहमंत्री झाला. ऑर्लेआँ घराण्याच्या मालमत्तेच्या जप्तीवरून जानेवारीत त्याने राजीनामा दिला, पण १८५४पासून मृत्यूपर्यंत तो विधिमंडळाचा अध्यक्ष राहिला. 'ग्राँ सेंत्राल' रेल्वेत त्याचा हात होता. १८५६मध्ये दुसऱ्या अलेक्झांडरच्या राज्याभिषेकासाठी तो राजदूत म्हणून रशियात गेला; परतला तो राजकन्या सोफी त्रुबेत्स्कॉयशी लग्न करून. मेक्सिकोच्या जेकर कर्जरोख्यांशीही त्याचे नाव जोडले गेले, आणि ती वसुली फ्रेंच स्वारीच्या कारणांपैकी एक ठरली.

या माणसाला कादंबरीत आणले दोघांनी. आल्फाँस दोदे त्याच्या कचेरीत नोकरीला होता; 'ल नबाब' (१८७७) मधला ड्यूक द मोरा हा मोर्नीच. दोदेने त्याचा डौल, थंड विनोद, मरण आणि थाटाची अंत्ययात्रा जवळून पाहिल्यासारखी रंगवली आहे. पण त्या माणसाचा पैसा आला कुठून, हे वाचकाला दिसत नाही. एमिल झोलाने आदल्याच वर्षीच्या 'सोन एक्सलाँस उजेन रुगों'मध्ये द मार्सी उभा केला. झोला अधिक जवळ पोचतो. त्याच्याकडे रेल्वेच्या परवान्यामागची देवघेव आहे. तरीही ती मर्जीची देवघेव आहे. कारखाना, शेतकरी, कराचा दर यांना तिथेही जागा नाही.

याचा परिणाम आजवर टिकून आहे. मोर्नी म्हटले की डोव्हिलचा समुद्रकिनारा, लाँशांची घोड्यांची शर्यत, ओफेनबाखसाठी टोपणनावाने लिहिलेली संगीतिका हेच आठवते. रसिक, बेफिकीर, थोडा लबाड असा हा माणूस वाचकाला आवडतो. पण आवडण्याजोग्या लबाडाची किंमत कोणी मोजली, हे विचारणे चरित्रकाराचे काम आहे. १८५१च्या त्या डिसेंबरात पॅरिसच्या रस्त्यांवर माणसे गोळ्यांनी मेली आणि हजारोंना हद्दपार केले गेले, तेव्हा गृहखात्याच्या खुर्चीवर हाच विनोदी गृहस्थ बसला होता. दोदेची अंत्ययात्रा मन लावून वाचावी. मात्र त्या शवपेटीमागे चालताना साखरेची ती वही काखेत असू द्यावी.